वैनगंगेच्या आधीचे पाणी

वैनगंगेची ओळख करून देताना बहुतेक पुस्तके मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावापासून सुरुवात करतात. तिथे नदी उगम पावते, सिवनी आणि बालाघाट ओलांडून महाराष्ट्रात येते, भंडारा आणि पवनीवरून दक्षिणेला जाते. चपराळ्याजवळ ती वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. ही रेघ बरोबर आहे. पण रेघ म्हणजे नदी नव्हे. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले एकोडी घ्या. हे धानाचे गाव, वैनगंगेच्या काठापासून दूर. तरीही त्याच्या शिवारात पडलेले जे पाणी धानाने प्यायले नाही, जमिनीत मुरले नाही आणि उन्हाने उडाले नाही, ते नाल्यानाल्यांनी उतरत शेवटी वैनगंगेलाच जाते. अशा शेकडो शिवारांच्या पाण्याने ही नदी भरते. ते पाणी नदीपर्यंत कधी पोहोचावे, किती पोहोचावे आणि वाटेत कुठे थांबावे, हे या भागात निदान तीन शतके माणसांनी ठरवले आहे. म्हणून वैनगंगेचा इतिहास शोधायचा तर पवनीच्या घाटाइतकेच एकोडीसारख्या गावांच्या तलावाच्या पाळीवरही उभे राहावे लागते, असे मला वाटते. ओढ्याने नदीला मिळणे ही इथे निव्वळ निसर्गाची घटना नाही, ती घडवलेली रीत आहे.

मोठ्या नदीला लहान प्रवाहांच्या बाजूने पाहण्याची दृष्टी तशी नवी नाही. स्कॉटलंडचे जॉन प्लेफेअर यांनी 1802 साली लिहिलेल्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात दाखवले, की प्रत्येक उपनदीची दरी तिच्या पाण्याच्या मानाने कोरलेली असते आणि मुख्य नदीला ती नेमक्या तळाच्या पातळीवर मिळते. हा मेळ इतका सार्वत्रिक आहे, की दऱ्या पाण्याने स्वतःच कोरल्या असे मानल्यावाचून तो उलगडत नाही. पुढे अमेरिकेत रॉबर्ट हॉर्टन यांनी 1945 मध्ये आणि त्यानंतर आर्थर स्ट्राहलर यांनी प्रवाहांच्या पायऱ्या लावल्या. ज्याला दुसरा कोणताही ओढा येऊन मिळत नाही तो पहिल्या पायरीचा, असे दोन मिळाले की दुसऱ्या पायरीचा, याप्रमाणे वर. या मोजणीतून कळले, की कोणत्याही खोऱ्यातल्या प्रवाहांची एकूण लांबी काढली तर तिचा सर्वांत मोठा वाटा या पहिल्या पायरीच्या, नकाशावर नावही नसलेल्या ओहोळांचा असतो. गोदावरीचेच उदाहरण पाहा. आपली श्रद्धा तिच्या उगमावर, त्र्यंबकेश्वरावर आहे आणि ती असावी. पण सह्याद्री ओलांडल्यावर गोदावरी कमी पावसाच्या मुलखातून जाते. तिला दक्षिणेतली सर्वांत मोठी नदी बनवणारे पाणी फार खाली, पूर्वेकडून येते. प्राणहितेचे खोरे एकट्याने गोदावरीच्या खोऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापते, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वैनगंगेचा आहे. राजमहेंद्रीचा अथांग प्रवाह पाहणाऱ्याने झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, धानाच्या बांध्यांनाही त्याचे श्रेय द्यायला हवे.

आता या मुलखाची ठेवण. भंडारा-गोंदिया भागात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मध्ये गायखुरीचे डोंगर, आग्नेयेला नवेगावचे डोंगर, नागझिऱ्याचे जंगल, आणि त्यांतून निघणारे असंख्य नाले. बाघ, बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद, गाढवी या वैनगंगेला मिळणाऱ्या नद्यांची नावे शाळेत पाठ होतात, त्यांना मिळणारे नाले मात्र त्या-त्या गावापुरते राहतात. खुद्द वैनगंगा इथे रुंद आणि खोल पात्रातून वाहते, तिचे काठ उंच आहेत. पंप येण्याआधी तिचे पाणी काठावरच्या शेतात चढवण्याचा सोपा मार्ग नव्हता. पवनीला नदीकाठी फार जुनी वस्ती होती. 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. नदीने व्यापार दिला, तीर्थे दिली, गावे दिली. पण जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या नदीने इथल्या धानाला कित्येक शतके फारसे पाणी दिले नाही. ते दिले तिच्यात जाऊन मिळणाऱ्या नाल्यांनी, आणि तेही नदीला मिळण्याआधी. धान हे पीक पाण्यात उभे राहणारे आहे. रोवणीला जुलै-ऑगस्टमध्ये बांधी भरलेली लागते, आणि धान निसवायच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुन्हा पाणी लागते. नेमका तेव्हाच पाऊस दगा देतो. त्या शेवटच्या एकदोन पाण्यांसाठी इथल्या माणसांनी ओढे अडवले.

अडवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. चढावर, जिथे पाण्याला अजून नाल्याचे रूपही आलेले नसते, तिथे बोडी. एखाद्या कुटुंबाच्या किंवा चारदोन शेतकऱ्यांच्या कामी येणारी ही लहान तळी. तिच्या खाली, नाला जरा भरू लागला की गावाचा तलाव, त्याला मातीची लांब पाळ. पाळीत तुडूम बसवलेले असते. जुन्या तुडुमाला वेगवेगळ्या उंचीवर भोके असत आणि त्यांत लाकडी बूच ठोकलेले असे. पाणी जसे खाली जाईल तसे वरचे सोडून खालचे बूच काढायचे. त्यामुळे पाणी कायम वरच्या थरातून, बेताच्या दाबाने सुटे. पाटही फुटत नसे आणि तळाचा गाळही हलत नसे. पाळीच्या एका टोकाला, शक्यतो कठीण मुरमाच्या किंवा खडकाच्या जागी, सलंग, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाण्याची वाट. तुडुमातले पाणी पाटाने बांध्यांत जाते, एका बांधीतून दुसरीत धुऱ्यातल्या फटीने उतरते, आणि शेवटच्या बांधीतून सुटलेले पाणी परत नाल्याला लागते. सलंगातले पाणीही त्याच नाल्यात. तो नाला पुढच्या गावाच्या तलावाचा येवा होतो. तिथून पुन्हा पाळ, तुडूम, बांध्या, नाला. असे एकेक पाळ उतरत पाणी चुलबंदीसारख्या नदीला आणि तिथून वैनगंगेला पोहोचते. वरच्या तलावाचा सांडवा म्हणजे खालच्या तलावाचा जन्म, हे इथले साधे सूत्र होते. वरच्या गावाने सलंग उंच केला तर खालचे गाव भांडायला येई, आणि वरची पाळ फुटली तर खालच्या गावाची झोप उडे. गावांना बांधणारे हे नाते पाण्याच्या उतारानेच घालून दिले होते.

हे कोणी बांधले याबद्दल परंपरा स्पष्ट बोलते. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथून तलाव बांधण्यात वाकबगार असे कोहळी लोक घेऊन आला आणि तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची चाल पडली, अशी कथा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात कोहळ्यांची ही कथा नोंदलेली आहे. काशीच्या कथेला पुरावा म्हणून मी फार वजन देणार नाही. आपल्या पूर्वजांना तीर्थक्षेत्राहून आणणाऱ्या कथा अनेक समाजांत सापडतात, आणि गोंड राज्यात तलाव आधीपासून नव्हते असे मानायलाही आधार नाही. पण कथेचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. राज्याला महसूल हवा होता, महसूल धानातून यायचा होता, आणि धान ओढा अडवल्याशिवाय खात्रीचे होत नव्हते. म्हणून राजाने नदीवर धरण बांधले नाही, ओढा अडवणाऱ्याला जमीन दिली. नवेगावबांध, सिरेगाव आणि साकोली तालुक्यातला शिवनीबांध हे त्या परंपरेतले मोठे तलाव. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे सांगतात. तिथे डोंगरांमधल्या मोजक्या खिंडी लहान पाळींनी बुजवून पाण्याला विस्तीर्ण जागा करून दिली आहे. कमीत कमी मातीकामात जास्तीत जास्त पाणी थोपवणारी ही नजर डोंगरउतारावरचा प्रत्येक ओहोळ ओळखणाऱ्याचीच असू शकते.

नदीकडे असे तलावांच्या बाजूने पाहण्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की तलाव हे पावसाच्या पाण्याचे साठे आहेत, त्यांचा नदीशी संबंध काय? उलट ते नदीचे पाणी पळवतात. आक्षेपात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. हे तलाव पसरट आणि उथळ, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत बरेच पाणी हवेत उडून जाते. धानही पाणी पुष्कळ पिते. म्हणजे वर्षभराचा हिशेब मांडला तर नदीला पोहोचणारे एकूण पाणी तलावांमुळे कमीच होते. पण नदीला पाणी किती मिळाले यासोबत ते कधी मिळाले हेही विचारायला हवे. ऑगस्टात कोसळणारा पाऊस एका रात्रीत नाल्यावाटे निघून गेला तर नदीला पूर येतो आणि डिसेंबरात नाला कोरडा. तोच पाऊस पाळींनी टप्प्याटप्प्यावर थोपवला तर पाळीखालून झिरपणारे आणि बांध्यांतून सुटणारे पाणी हिवाळ्यापर्यंत नाल्याला लागून राहते. पूर आल्यावर याचे महत्त्व आणखी कळते. मोठी नदी फुगली की तिच्या उपनद्यांचे पाणी तोंडाशीच अडते, उलटे मागे सरकते आणि काठची वस्ती दोन्हीकडून घेरते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात आणि काठच्या गावांत जे झाले ते लोक विसरलेले नाहीत. तो पूर वरच्या खोऱ्यातल्या अतिवृष्टीचा आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचा होता. भंडाऱ्यातले मामा (माजी मालगुजारी) तलाव त्याला रोखू शकले असते असे म्हणणे खोटे ठरेल. पण मुख्य नदी भरलेली असताना बाजूच्या नाल्यांनी आपले पाणी दोन दिवस अंगावर धरणे आणि न धरणे यांत फरक असतो, आणि तो फरक धरायला पाळी धड असाव्या लागतात.

तलाव नदीपासून वेगळे नव्हते याचा आणखी एक साक्षीदार आहे: मासा. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात देशी मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. नदीतून नाल्यात, नाल्यातून बांधीत, सलंगावरून तलावात. उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतात आणि पाणी ओसरताना पिल्ले परत उतरतात. पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाचे ज्ञान या चढ-उतारावर उभे होते. कोणत्या पाण्यात कोणता मासा, कोणती वनस्पती असली की तो टिकतो, हे त्यांना ठाऊक असे. पुढे तलावांत रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत आली. हे मासे वाढतात झपाट्याने, पण त्यांना पैदाशीसाठी वाहते पाणी लागते, साठलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून बीज दरवर्षी विकत आणायचे. सलंगावर जाळी लागली, वाट बंद झाली. उत्पादन वाढले हे खरे, आणि मच्छीमार सहकारी संस्थांना त्यातून पैसा मिळाला हेही खरे. परंतु जो मासा नदी आणि तलाव यांना एकच पाणी समजत होता, तो त्या व्यवस्थेत उरला नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ही सगळी व्यवस्था मालगुजारांची, म्हणजे गावाचा महसूल भरणाऱ्या जमीनदारांची होती. पाळीवर माती टाकणारे हात भूमिहीनांचे होते, आणि पाणी आधी जात असे मालगुजाराच्या सीर, म्हणजे खास स्वतःच्या, जमिनीत. अशा व्यवस्थेचे गोडवे कशाला गायचे? गोडवे गाऊ नयेतच. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रज सरकारने पाटील-मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. त्यांचे तलाव बहुतेक त्याआधीचे, गोंड आणि भोसले काळातले, पण कागदावर ते एका माणसाच्या मालकीचे झाले. गावकऱ्यांचे पाणी, जंगल आणि चराई यांवरचे निस्तार हक्क वाजिब-उल-अर्ज या नोंदीत लिहिले गेले खरे, पण लिहिलेला हक्क आणि मिळणारा हक्क यांत अंतर राहिलेच. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला. त्यानंतर सरकारने पाटबंधाऱ्यांकडे लक्ष वळवले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बोदलकसा, चोरखमारा, चांदपूर असे मोठे सरकारी तलाव उभे राहिले. तोवर या प्रांतात सिंचन म्हणावे असे जे होते ते मुख्यतः भंडारा, चांदा, बालाघाट भागातल्या खाजगी तलावांचेच होते. माझा मुद्दा मालगुजार चांगले होते असा नाही. मुद्दा इतकाच, की त्या अन्यायी रचनेतही प्रत्येक ओढ्यावर कोणीतरी जबाबदार होता. पाळ फुटली तर कोणाच्या दारी जायचे हे माहीत होते. अन्याय दूर करताना ती जबाबदारी कोणाच्या खांद्यावर द्यायची, हा प्रश्न सुटायला हवा होता.

तो सुटला नाही. मध्य प्रदेशाचा, म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा, मालकी हक्क निर्मूलन कायदा 1950 चा. 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी संपणे आवश्यकच होते. पण ओढा जसा उतारावरून अखंड वाहत होता, तसा कारभार अखंड राहिला नाही. पाणलोटातले जंगल वन विभागाकडे. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासळीचा ठेका सहकारी संस्थेकडे, मोठ्या नदीवरचे धरण पाटबंधारे महामंडळाकडे. पाण्याचा एकच थेंब एकोडीपासून वैनगंगेपर्यंत जाताना इतक्या दारांतून जातो आणि कोणत्याही एका दाराला पुढच्याची माहिती नसते. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. अनेकांत गाळ भरला, काहींच्या पोटात शेती झाली, काहींचा येवा रस्त्याने किंवा घरांनी तोडला. पाळीवर बेशरम नावाचे झुडूप माजले. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून आपल्या बांधीत टाकण्याची शेतकऱ्यांची रीत पातळ होत गेली, कारण तलाव आता सरकारचा होता.

तिसरा आक्षेप हिशेबाचा. वाढलेल्या लोकसंख्येला, उन्हाळी धानाला, शहरांना हे लहान तलाव पुरणार आहेत का? मोठ्या धरणाला पर्याय आहे का? नाही, पूर्ण पर्याय नाही. पवनीजवळच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्याचे लाभक्षेत्र अडीच लाख हेक्टरचे आखलेले आहे. त्या प्रमाणाचे काम बोड्या करू शकत नाहीत. पण गोसीखुर्दच ओढ्यांचे महत्त्व सिद्ध करते. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या जलाशयाला. नागपूरच्या गल्ल्यांतले सांडपाणी या वाटेने धरणात आले. पाण्याचा रंग बदलला, जलपर्णी पसरली, काठच्या गावांत पिण्याच्या पाण्याची तक्रार उभी राहिली. भिंत कितीही मोठी बांधा, तिच्यामागचे पाणी कसे असेल हे शंभर किलोमीटर दूरचा नाला ठरवतो. याच प्रकल्पातली दुसरी गोष्ट तितकीच बोलकी आहे. गोसीखुर्दचा उजवा कालवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या असोलामेंढा या ब्रिटिश काळातल्या तलावात पाणी नेतो आणि तिथून ते पुढच्या शेतांना जाते. म्हणजे राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झालेल्या धरणालाही शेतापर्यंत पोहोचायला जुन्या तलावाची पाठ लागली. नदीतून तलावाकडे हा उलटा प्रवास करायचा तर वाटेतला प्रत्येक लहान तलाव धड हवा. ज्याचे तुडूम गळते आणि ज्याच्या पोटात गाळ आहे, त्यात मोठ्या नदीचे पाणी आणून सोडले तरी ते शेताला पुरे पडत नाही.

मोजमापाची सोयही आज या दृष्टीला धरून नाही. केंद्रीय जल आयोग वैनगंगेवर पवनी आणि आष्टी येथे, चुलबंदीवर सालेबर्डी येथे प्रवाह मोजतो. गोदावरी पाणी तंट्याच्या 1980 च्या निवाड्यात सगळे खोरे बारा उपखोऱ्यांत विभागले आहे, म्हणजे कायद्यानेही नदीला उपनद्यांनीच ओळखले. पण सालेबर्डीच्या वर, जिथे चुलबंद अजून गावोगावच्या नाल्यांत विखुरलेली असते, तिथे एका तलावाच्या सलंगावरून वर्षाला किती पाणी गेले हे लिहून ठेवणारी वही सहसा नसते. हे काम अवघड नाही. सलंगाजवळ रंगवलेली एक मोजपट्टी आणि पावसाळ्यात रोज सकाळी आकडा टिपणारा गावातला एक माणूस एवढे त्याला पुरते. लोकांनी स्वतः हाती घेतल्यावर काय होते याचा नमुना याच परिसरात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि ढीवर समाजातल्या जाणकारांनी, काही तलावांतली बेशरम काढली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती परत लावल्या, आणि स्थानिक माशांना पुन्हा जागा करून दिली. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा टिकतो हे त्यांनी पुस्तकातून घेतले नाही, ढीवरांच्या आठवणीतून घेतले. एकोडीसारख्या प्रत्येक गावाची ग्रामपंचायत आपल्या शिवारातल्या नाल्याचा नकाशा काढू शकते: तो कोणत्या बोडीतून येतो, कोणत्या पाळीने थांबतो, सलंगातून कोणत्या गावाकडे उतरतो, आणि कोणत्या ठिकाणी वैनगंगेला किंवा तिच्या उपनदीला मिळतो. अशा वीस गावांचे नकाशे एकमेकांना जोडले, तर पुढच्या पावसाळ्याआधी कोणती पाळ पहिल्यांदा दुरुस्त करायची हे ठरवता येईल.